तीस वर्षांचा पट्टा: नागपुरातील नझूल आणि ट्रस्टच्या जमिनी

नागपुरातील सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी, धंतोली, धरमपेठ, रामदासपेठ अशा जुन्या, आखीव वस्त्यांत घर आपले असणे आणि घराखालची जमीन आपली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या भागांतील बऱ्याच भूखंडांची मालकी महसूल खात्याकडे किंवा नागपूर सुधार प्रन्यासाकडे आहे. राहणारा कागदोपत्री पट्टेदार असतो. पट्टा बहुधा 30 वर्षांचा, वर्षाला थोडेसे भूभाटक, आणि मुदत संपली की नूतनीकरण. पूर्वी हे काम एका बंगल्याचा एक मालक करी. त्याच भूखंडावर फ्लॅट स्कीम उभी राहिल्यावर ते दहा-वीस कुटुंबांनी मिळून करायचे काम झाले, आणि तिथून खरी गुंतागुंत सुरू झाली. या व्यवस्थेची मुळे मात्र भोसल्यांचे राज्य खालसा होण्यापर्यंत मागे जातात.

तिसरे रघुजी भोसले 11 डिसेंबर 1853 रोजी निपुत्रिक वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात घेतले. राज्याबरोबर राजाची खासगी व सरकारी अशी दोन्ही प्रकारची मालमत्ता नव्या सरकारच्या हाती आली. जडजवाहीर आणि हत्ती-घोडे लिलावात गेले, ही गोष्ट नागपुरात अजून सांगितली जाते. जमिनीची गोष्ट तितकी सांगितली जात नाही, पण शहराच्या दृष्टीने तिचे परिणाम जास्त टिकले. राजाच्या बागा, मोकळी मैदाने, तलावांच्या काठच्या जागा आणि ज्यांवर कोणाचा ठोस हक्क सिद्ध होत नव्हता असे पडीत तुकडे सरकारजमा झाले. महाराजबाग हे त्याचे ठळक उदाहरण. गावठाणाबाहेरच्या, शेतीकडे न गेलेल्या, सरकारच्या ताब्यातल्या अशा शहरी जमिनीला उत्तर हिंदुस्थानातील मोगली कारभारापासून चालत आलेले नाव होते नझूल, आणि तेच मध्य प्रांतातही रुजले. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला हा शब्द अनोळखी वाटतो. विदर्भात मात्र तो रोजच्या बोलण्यातला आहे. 'जागा नझूलची आहे का?' हा प्रश्न घर घेताना किमतीच्याही आधी विचारला जातो.

1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरले. पुढच्याच वर्षी रिचर्ड टेम्पल चीफ कमिशनर म्हणून आला. त्याच्या कारकिर्दीत जो जमीन-बंदोबस्त झाला, त्याने नागपूरची जमीन कायमची दोन भागांत विभागली. खेड्यांत सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावाच्या जमिनीचे मालकी हक्क दिले गेले. रयतवारी मुलखात सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये कोणी नव्हते. इथे मालगुजार आला, आणि गावातली पडीत जमीन, झाडे, आबादी यांवरही त्याचा अंमल मान्य झाला. शहरात मात्र जी जमीन मालगुजाराकडे गेली नाही ती सरकारकडेच राहिली. त्यामुळे नागपूरच्या नकाशात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे हक्क दिसू लागले: एकीकडे मालगुजाराकडून विकत घेतलेली जागा, दुसरीकडे सरकारी नझूल. लेंड्रा, अंबाझरी, अजनी, खामला, भामटी, परसोडी ही आज शहराच्या पोटात गेलेली मौजे तेव्हा खेडीच होती. आजही रजिस्ट्रीच्या कागदात मौजाचे नाव आणि खसरा क्रमांक येतो तो या काळामुळे.

पट्ट्याची मुदत 30 वर्षेच का, हा प्रश्न इथेच येतो. ब्रिटिश महसूल खात्याला 30 वर्षांचे माप सवयीचे होते. मुंबई इलाख्यात 1836 पासून इंदापूर तालुक्यात जी पाहणी-आकारणी झाली, तिने एकदा ठरवलेला सारा 30 वर्षे न बदलण्याची पद्धत घातली. मध्य प्रांतातील 1860 च्या दशकातला बंदोबस्तही साधारण 30 वर्षांचा होता. नागपूर जिल्ह्यात तो 1890 च्या दशकात रेजिनल्ड क्रॅडॉकने पुन्हा केला, आणि पुढे तोच अधिकारी मध्य प्रांताचा चीफ कमिशनर झाला. एका पिढीपुरता दर पक्का, नंतर जमिनीची किंमत वाढली असेल तर सरकारचा वाटा वाढणार, असा हा हिशेब. शहरी भूखंडाच्या पट्ट्यातही तोच हिशेब उतरलेला दिसतो. 30 वर्षे संपणे म्हणजे घर रिकामे करून जाण्याची वेळ, असा अर्थ तेव्हा कोणाच्याही मनात नव्हता. मुदत ही भाडे फेरतपासण्याची तारीख होती. निवासी पट्ट्यांत वाजवी वाढ करून पुन्हा तेवढ्याच मुदतीसाठी पट्टा देण्याची अट असे, ती याच समजुतीतून. नूतनीकरणाभोवतीचे पुढचे बहुतेक वाद ही मूळ समजूत हळूहळू पुसली गेल्यामुळे निर्माण झाले, असे म्हणायला भरपूर जागा आहे.

सिव्हिल स्टेशनातले बंगले, सीताबर्डीच्या बाजूची दुकाने, रेल्वे आल्यावर वाढलेली वस्ती यांना अशा पट्ट्यांनी जागा मिळत गेल्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली आणि जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली, म्हणजे शहरात जागेला गिऱ्हाईक होतेच. पट्टा घेताना एकरकमी अधिमूल्य भरायचे आणि दरवर्षी भूभाटक. ठरावीक मुदतीत बांधकाम करायचे, परवानगीशिवाय जागा विकायची नाही, तिचे तुकडे करायचे नाहीत, राहण्यासाठी घेतलेल्या जागेत धंदा करायचा नाही. अटी मोडल्या तर त्याला शर्तभंग म्हणत, आजही म्हणतात. हे नियम मध्य प्रांताच्या महसूल पुस्तक परिपत्रकांत बांधलेले होते. पुढे मध्य प्रांताचे मध्यप्रदेश झाले, आणि तिथे नझूलचा कारभार या परिपत्रकांच्या परंपरेवर चालत आला. नागपूर त्या राज्यातून बाहेर पडले तरी नझूल आपल्याबरोबर घेऊन आले.

या साऱ्याचा ठसा आखीव पत्रिकेवर उमटलेला आहे. विदर्भात शहरी मिळकतीच्या पत्रकाला हे नाव आहे. पुण्या-मुंबईकडे त्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. वरच्या भागात शीट नंबर, प्लॉट नंबर, क्षेत्र चौरस मीटरमध्ये आणि धारणाधिकार. त्याशेजारच्या रकान्याचे शीर्षक लांबलचक आहे: शासनाला दिलेल्या आकारणीचा किंवा भाड्याचा तपशील आणि त्याच्या फेरतपासणीची नियत वेळ. खाली हक्काचा मूळ धारक, पट्टेदार, इतर भार, इतर शेरे. त्याखाली तारीखवार नोंदींचा तक्ता: व्यवहार कोणता, नवीन धारक कोण, पट्टेदार कोण, भार कोणाचा, आणि शेवटी अधिकाऱ्याचे साक्षांकन. धारकासाठी 'धा', पट्टेदारासाठी 'प' आणि भारासाठी 'भा' अशी अक्षरे वापरतात. नझूलच्या भूखंडावर तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाचे नाव 'धा'खाली शोधणाऱ्याला ते 'प'खाली सापडते. आणि 'फेरतपासणीची नियत वेळ' हे शब्द भाड्याच्याच रकान्यात आहेत, हे लक्षात घेण्याजोगे.

दुसरा मोठा जमीनमालक उशिरा आला. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडायच्या, हवा आणि उजेड येईल असे रस्ते काढायचे, शहराबाहेर नव्या वसाहती आखायच्या आणि भूखंड पट्ट्याने देऊन खर्च भरून काढायचा, ही त्याची रीत. कलकत्त्यात 1911 च्या कायद्याने तसाच ट्रस्ट झाला. नागपुरातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्लेगच्या साथी वारंवार येत होत्या. पॅट्रिक गेडिसने दुसऱ्या दशकात शहर पाहून नगरपालिकेसाठी अहवाल लिहिला. तरी ट्रस्टचा कायदा व्हायला 1936 साल उजाडले. मध्य प्रांत सरकारचा 'नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ॲक्ट' त्या वर्षी झाला आणि 1937 मध्ये ट्रस्टचा कारभार सुरू झाला. मराठी कागदपत्रांत तो नागपूर सुधार प्रन्यास, बातम्यांत नासुप्र, पण बोलताना लोक एनआयटी किंवा नुसते ट्रस्ट म्हणतात.

मुंबईच्या ट्रस्टने आपल्या योजनांत 99 आणि 999 वर्षांचेही पट्टे दिले. नागपूरच्या ट्रस्टने नझूलचे 30 वर्षांचे माप उचलले. हा फरक लहान वाटतो, पण दादर-माटुंग्यातल्या पट्टेदाराच्या पणतूलाही नूतनीकरणाचा अर्ज करावा लागणार नाही आणि धरमपेठेतल्या माणसाला हयातीत दोनदा करावा लागू शकतो.

ट्रस्टची कामाची पद्धत अशी. योजना जाहीर करायची, तिच्या हद्दीतील शेते आणि पडीत जमीन सक्तीने संपादन करायची, रस्ते-नाल्या-बगिचे काढायचे, भूखंड पाडायचे, आणि लिलावाने किंवा ठरवलेल्या दराने 30 वर्षांच्या पट्ट्याने द्यायचे. अधिमूल्यातून योजनेचा खर्च निघे, भूभाटकातून वर्षानुवर्षे थोडे उत्पन्न येत राही. रुंद रस्ते, कोपऱ्यावर बगिचा, घरासमोर मोकळी जागा हे पश्चिम नागपूरचे रूप या पद्धतीचे फळ आहे, आणि ते चांगले फळ आहे हे मान्य करायला हवे. त्याची किंमत मूळ शेतकऱ्याने मोजली. ट्रस्टच्या कायद्यात नुकसानभरपाईचे नियम 1894 च्या भूसंपादन कायद्याहून शेतकऱ्याला कमी देणारे होते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 'नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट विरुद्ध विठ्ठलराव' या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर 1972 मध्ये निकाल दिला: जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली यावरून मालकाला कमी किंवा जास्त मोबदला देणे हा समानतेच्या तत्त्वाचा भंग आहे. भूसंपादनाच्या कायद्यात हा निकाल आजही आधाराला घेतला जातो. त्यातले 'नागपूर' हे नाव मात्र बहुतेकांना वकिलीच्या पुस्तकातच भेटते.

पट्ट्यांची पहिली मुदत संपत आली तेव्हा खाली सही करणारे सरकारच बदललेले होते. 1930 च्या दशकात पट्टा लिहून देणारे मध्य प्रांत व वऱ्हाडचे सरकार. मधल्या काळात 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि मालगुजारांचे हक्क राज्याकडे आले. मध्यप्रदेशाने 1954 मध्ये नवी महसूल संहिता केली. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात गेले. विदर्भात 1954 ची मध्यप्रदेशी संहिताच चालू राहिली, ती 15 ऑगस्ट 1967 रोजी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 लागू होईपर्यंत. म्हणजे 1937 मध्ये दिलेल्या पट्ट्याची मुदत संपण्याचे आणि नवा कायदा लागू होण्याचे वर्ष एकच. नव्या कायद्याखाली 1971 मध्ये सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे नियम आले. ते सगळ्या राज्यासाठी होते आणि ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने रयतवारी मुलूख होता. विदर्भाची नझूल त्यात नीट बसली नाही. पुढे नझूलसाठी वेळोवेळी वेगळे शासन निर्णय काढावे लागले, ही त्याचीच पावती. ट्रस्टचे स्वतःचे जमीन विल्हेवाट नियम आधी 1955 चे होते, पुढे 1983 चे आले.

1956 मध्ये राजधानीचा मान गेल्यावर शहराची चाल मंदावली आणि नूतनीकरणाकडे दोन्ही बाजूंनी काणाडोळा झाला. भूभाटकाची रक्कम इतकी किरकोळ होती की ती वसूल करण्याचा खर्च जास्त. पट्टेदार वारले, वारसांनी आपसांत वाटणी केली, कोणी रजिस्ट्री करून विकले, कोणी नुसत्या मुखत्यारपत्रावर. आखीव पत्रिकेवर मात्र मूळ पट्टेदाराचेच नाव. मुदत संपून वर्षे उलटली तरी कोणी विचारत नव्हते. कायद्याच्या दृष्टीने अशा ताब्याची स्थिती नाजूक असते. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 111 प्रमाणे मुदत संपली की पट्टा संपतो. मालकाने त्यानंतरही भाडे स्वीकारले तर कलम 116 चा आधार मिळतो. सरकारी जमिनीवरील अनधिकृत ताबा मात्र जिल्हाधिकारी महसूल अधिनियमाच्या कलम 53 खाली थोडक्या चौकशीने काढू शकतो. राहत्या घरांच्या बाबतीत हे हत्यार सहसा म्यानातच राहिले. त्याचा धाक मात्र राहिला, आणि घर विकताना, कर्ज काढताना तो जाणवू लागला.

फ्लॅट आले ते यानंतर. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट 1970 मध्ये झाला. मुंबईत इमारतीची सहकारी गृहनिर्माण संस्था होते, जमीन संस्थेच्या नावे जाते आणि सभासदाकडे भागपत्र असते. नागपूरने मोठ्या प्रमाणावर दुसरी वाट धरली: बिल्डरने डीड ऑफ डिक्लरेशन नोंदवायचे आणि प्रत्येक खरेदीदाराला फ्लॅट आणि जमिनीतील अविभक्त हिस्सा टक्केवारीत लिहून द्यायचा. या कायद्याला पट्ट्याची जमीनही चालते. त्यामुळे धरमपेठ-रामदासपेठेतील जुने बंगले पाडून उभ्या झालेल्या स्कीममध्ये खरेदीदाराला जे मिळाले ते असे: भिंतींच्या आतल्या जागेची मालकी, आणि खालच्या भूखंडाच्या पट्ट्यातील, समजा, सव्वासहा टक्के हिस्सा, तोही पट्ट्याची जेवढी वर्षे उरली असतील तेवढ्याच वर्षांपुरता. रजिस्ट्रीत 'लीज होल्ड राइट्स' हे शब्द असतात. फ्लॅट पाहताना स्वयंपाकघराची दिशा तपासणारे बरेच लोक ते शब्द वाचत नाहीत.

बंगल्याच्या मालकाला नूतनीकरणाचा एक अर्ज पुरे होता. सोळा फ्लॅटच्या इमारतीत तोच अर्ज कोणी करायचा? पट्टा मूळ बंगलेवाल्याच्या नावे असतो. तो परगावी गेलेला किंवा हयात नसतो. बिल्डरची भागीदारी संस्था विसर्जित झालेली असते. संस्था नसल्यामुळे जमीन कोणा एकाच्या नावे नाही. अपार्टमेंट मालकांचा संघ असला तरी जमिनीचा हिस्सा ज्याचा त्याचा. त्यामुळे सगळ्यांच्या सह्या लागतात आणि थकीत भूभाटकाची विभागणी टक्केवारीने करावी लागते. तळमजल्यावर दुकान निघाले असेल तर निवासी अटीचा शर्तभंग ठरतो. परवानगी न घेता झालेल्या प्रत्येक हस्तांतरणाचा हिशेब वेगळा. जुन्या सरकारी पट्ट्यांत अनर्जित उत्पन्नातील वाटा मागण्याचीही तरतूद असे: जमिनीची किंमत पट्टेदाराच्या कष्टाशिवाय वाढली, तेव्हा विक्रीच्या नफ्यातील भाग सरकारचा. तत्त्व समजण्यासारखे आहे. पण बंगलेवाल्याने तो नफा केव्हाच घेतला आणि मागणीपत्र तिसऱ्या खरेदीदाराच्या दारात आले, असे झाले की तत्त्वाचा न्याय उरत नाही. बँकेचे गणित आणखी सरळ. वीस वर्षांचे कर्ज हवे आणि पट्ट्याची सहा वर्षे उरली असतील, तर आधी नूतनीकरण करून आणायला सांगितले जाते.

याच काळात शहराच्या कडेला उलट चित्र तयार होत होते. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याच्या भीतीने शेतकरी आणि गृहनिर्माण संस्था शेतीच्या खसऱ्यांवर मंजुरीशिवाय ले-आउट पाडून भूखंड विकत होत्या. अशा ले-आउटची '572' आणि '1900' ही आकड्यांची नावे नागपुरात वस्तीच्या नावांसारखीच रूढ झाली. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करण्याची वाट मोकळी केली आणि ते काम ट्रस्टकडे आले. विकास शुल्क भरले की नियमितीकरणाचे 'आरएल' पत्र मिळते, आणि ते मिळालेला भूखंड मालकीचा असतो. म्हणजे ज्याने आखीव योजनेतला रीतसर भूखंड घेतला तो पट्टेदार राहिला, आणि ज्याने नियमबाह्य ले-आउटमधला घेतला तो शुल्क भरून मालक झाला. गुंठेवारीतल्या लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षे रस्ते-नाल्यांविना काढली हे खरे. तरी पट्टेदारांच्या मनात ही गोष्ट सलत राहिली आणि फ्री होल्डच्या, म्हणजे जमिनीच्या पूर्ण मालकीच्या, मागणीला तिने बळ दिले.

भूभाटकाचा प्रश्न पेटला तो दर बाजारभावाशी जोडण्यावरून. जुन्या पद्धतीत वाढ आधीच्या भाड्याच्या प्रमाणात होई. मुद्रांक खात्याचा वार्षिक मूल्यदर तक्ता आल्यावर जमिनीची चालू किंमत वर्षाला छापील मिळू लागली आणि भाडे त्या किमतीच्या टक्केवारीत मोजण्याचा मोह सरकारला टाळता आला नाही. शेकड्यात असलेली रक्कम एकदम कितीतरी पटींनी वाढू शकते, असे लक्षात आल्यावर लोकांनी नूतनीकरणच लांबवले. सरकारला पैसा मिळेना, लोकांना कागद मिळेना. यातून सुटण्यासाठी भाडे फेरतपासण्याऐवजी जमीनच एकदाची देऊन टाकण्याचा विचार पुढे आला. दिल्लीत केंद्र सरकारच्या आणि विकास प्राधिकरणाच्या पट्ट्यांसाठी 1992 पासून फ्री होल्डची सोय होतीच.

महाराष्ट्राने 2019 च्या मार्चमध्ये दोन पावले टाकली. भोगवटादार वर्ग-2 (हस्तांतरणावर बंधन असलेल्या) आणि भाडेपट्ट्याच्या जमिनी वर्ग-1 मध्ये रूपांतरित करण्याचे राज्यव्यापी नियम आले. आणि नागपूर व अमरावती विभागांतील नझूलसाठी वेगळा शासन निर्णय झाला. निवासी नझूल भूखंडाला मूल्यदर तक्त्यातील किमतीच्या 5 टक्के अधिमूल्य भरून वर्ग-1 म्हणजे मालकी हक्क मिळण्याची तरतूद त्यात होती. राज्यव्यापी नियमांतील दरांच्या मानाने हा दर बराच सौम्य होता, कारण विदर्भातील नझूल ही वाटप केलेली सवलतीची जमीन नाही, पिढ्यांचा ताबा आहे, हा युक्तिवाद अखेर मान्य झाला. तरीही प्रतिसाद बेताचाच राहिला. 2024 मध्ये विशेष अभय योजना आली आणि ठरावीक मुदतीत अर्ज करणाऱ्या निवासी पट्टेदारांसाठी दर 2 टक्क्यांवर आला. भूखंडाची किंमत 2 कोटी रुपये धरली तर 5 टक्क्यांनी 10 लाख आणि 2 टक्क्यांनी 4 लाख होतात. सोळा सारख्या फ्लॅटमध्ये विभागले की प्रत्येकी 25,000. थकीत भूभाटक आणि शर्तभंगाची रक्कम त्यावर वेगळी. रक्कम परवडणारी आहे. सोळा जणांची एकवाक्यता महाग पडते. ही सवलत महसूल खात्याच्या नझूलपुरती आहे. ट्रस्टच्या भूखंडाचा मालक ट्रस्ट असल्याने तिथे ट्रस्टचेच नियम पाहावे लागतात. शेजारी-शेजारी असलेल्या दोन इमारतींना दोन वेगळ्या कचेऱ्यांत जावे लागते ते यामुळे.

सगळ्या राज्यांनी ही दिशा धरली असे नाही. उत्तर प्रदेशात नझूल जमिनीचे पट्टे खासगी व्यक्तींना वाढवून न देता ती सार्वजनिक कामांसाठी राखण्याचे विधेयक 31 जुलै 2024 रोजी विधानसभेत मंजूर झाले. सत्ताधारी पक्षातूनही विरोध झाला आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने ते प्रवर समितीकडे पाठवले. प्रयागराजमधील जुन्या नझूल बंगल्यांत राहणाऱ्यांची धास्ती हे त्यामागचे एक कारण होते. इंग्लंडमध्ये फ्लॅटच्या पट्ट्याची मुदत वाढवणे हा रोजचा व्यवहार आहे, पण तिथला जमीनमालक बहुधा खासगी असतो. घरांच्या पट्टेदारांना 1967 च्या कायद्याने हक्क मिळाला आणि फ्लॅटवाल्यांना 1993 च्या कायद्याने: फ्लॅटच्या उरलेल्या मुदतीत 90 वर्षांची भर, त्यापुढे भूभाटक नाममात्र, आणि किंमत ठरवण्याचे सूत्र कायद्यातच. 2024 च्या कायद्याने ही भर 990 वर्षांची करण्याची तरतूद केली. तिथे फ्लॅटधारक एकटा अर्ज करू शकतो, शेजाऱ्याच्या सहीवर त्याचे काही अडत नाही. नागपुरात पट्टा फ्लॅटचा नसून भूखंडाचा आहे, म्हणून ही मोकळीक नाही.

नूतनीकरणाचा किंवा रूपांतराचा अर्ज आजही जुन्याच वाटेने जातो. आखीव पत्रिका, मूळ पट्टा, हस्तांतरणांचे कागद, मंजूर नकाशा आणि भूभाटकाच्या पावत्या जोडायच्या. भूमापक जागा मोजून प्रत्यक्ष वापर नोंदवतो. शर्तभंगाची आकारणी होते, चलन भरले जाते, आदेश निघतो, आणि त्यानंतर आखीव पत्रिकेवर नोंद. आदेश हाती आला की काम संपले असे समजणारे बरेच असतात. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो. मुद्रांक शुल्काची मेख त्याहून मोठी. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद 36 प्रमाणे 29 वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्यावर मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या 90 टक्के रकमेवर, म्हणजे जवळजवळ खरेदीखताइतके, शुल्क लागते. 10 ते 29 वर्षांच्या पट्ट्यावर 50 टक्के रकमेवर. पट्ट्यात पुढच्या नूतनीकरणाचा उल्लेख असेल तर ती मुदतही धरली जाते. त्यामुळे 30 हा जुना आकडा मुद्रांकाच्या सर्वांत वरच्या टप्प्यात नेमका एका वर्षाने जाऊन बसतो.

ट्रस्टने 1937 च्या सुमारास दिलेल्या पट्ट्यांची पहिली मुदत 1967 च्या आगेमागे संपली, दुसरी 1997 च्या आणि तिसरी 2027 च्या आगेमागे संपते. पहिल्या खेपेला अर्जदार बंगल्यांचे मालक होते, दुसऱ्या खेपेला अर्ध्यामुर्ध्या ठिकाणी बिल्डर. तिसऱ्या खेपेला अर्जावर बहुतेक ठिकाणी फ्लॅटधारकांच्या नावांची यादी असेल, प्रत्येकापुढे त्याच्या हिश्श्याची टक्केवारी.